रोजचा ज्येष्ठमध, चढलेलं बीपी आणि उतरलेलं पोटॅशियम: एक प्रकरण अभ्यास

पायांवर सूज, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, छातीत मधूनच धडधडतं, आणि सहा वर्षं आटोक्यात असलेला रक्तदाब गोळी वाढवूनही खाली यायला तयार नाही. ५८ वर्षांच्या एका बाईंची ही अवस्था. गोळ्या वेळेवर, मीठ बेताचं, चालणं नेमाचं. एक बदल मात्र झाला होता: कोरड्या खोकल्यासाठी त्यांनी ज्येष्ठमध सुरू केला होता. तो कुणाला सांगावा असं त्यांना वाटलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते औषध नव्हतं.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. ज्येष्ठमध जास्त झाल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत अनेक दशकं नोंदले जात आले आहेत आणि त्यांच्यात इतकं साम्य असतं की त्यावरून एक प्रातिनिधिक प्रकरण उभं करता येतं. इथले वय, आठवडे आणि तपासण्यांचे आकडे त्या चित्रात बसतील असे घेतले आहेत. औषधांचे गुणधर्म, मात्रा आणि कारणमीमांसा मात्र जशी आहे तशी दिली आहे.

घटनाक्रम

सहा वर्षं त्या अॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी घेत होत्या. रक्तदाब १३०/८० च्या आसपास राहायचा, पण घोटे सुजायचे. अॅम्लोडिपिनचा हा नेहमीचा त्रास आहे. म्हणून गोळी बदलली: रॅमिप्रिल ५ मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम. दुसरं औषध लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकतं आणि त्यासोबत थोडं पोटॅशियमही जातं. घोट्यांची सूज गेली, रक्तदाब १३२/८२ वर स्थिरावला.

गोळी बदलल्यानंतर सातव्या आठवड्यात घशात खवखव आणि कोरडा खोकला सुरू झाला. ताप नाही, कफ नाही, सर्दी नाही. रात्री आडवं झालं की जास्त. दहाव्या आठवड्यात त्यांनी ज्येष्ठमधाचं चूर्ण आणलं. सकाळी आणि रात्री एकेक चमचा, कोमट पाण्यात कालवून. दुपारी ज्येष्ठमध असलेल्या हर्बल चहाचे दोन कप आणि दिवसभरात घसा दुखेल तसतशा चघळायच्या गोळ्या. घशाला लगेच आराम पडायचा. ज्येष्ठमध घशाच्या आतल्या त्वचेवर गुळगुळीत थर धरतो, त्यामुळे खवखव तासा-दोन तासांसाठी दबते. खोकला मुळातून गेला नाही, पण आराम खरा होता. त्यामुळे मात्रा चालूच राहिली.

तेराव्या आठवड्यात पोट साफ होईना. त्यावर रात्री सोनामुखीचं चूर्ण. चौदाव्या आठवड्यात बोटातली अंगठी घट्ट झाली, डोकं जड राहू लागलं, वजन तीन किलोंनी वाढलं. पंधराव्या आठवड्यात तपासणीत रक्तदाब १६६/९८. सूज आणि रक्तदाब दोन्ही वाढलेले, म्हणून लघवीच्या गोळीची मात्रा २५ मिलिग्रॅम झाली. सूज जरा कमी झाली, पण रक्तदाब हलला नाही आणि नवाच त्रास सुरू झाला. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागायला लागला, हृदयाचा एखादा ठोका चुकल्यासारखा वाटू लागला. सतराव्या आठवड्याच्या अखेरीस चक्कर आणि धडधड एकदम वाढली आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं.

एक चमचा म्हणजे किती?

ज्येष्ठमधातलं मुख्य द्रव्य ग्लायसिऱ्हायझिन. मुळीची गोडी त्याचीच, गुणही बऱ्याच अंशी त्याचा आणि हा सगळा घोळही त्याचाच. दर्जेदार मुळीत ते किमान ४ टक्के असावं अशी युरोपीय औषधकोशाची अट आहे. प्रत्यक्षात जात, जमीन आणि मुळीचं वय यांनुसार ते कमी-जास्त भरतं. म्हणजे मुळी जितकी अस्सल आणि उत्तम, तितकी एका चमच्यातली मात्रा मोठी. शुद्ध माल आणला म्हणजे निर्धास्त झालो, हा समज इथे उलटा पडतो.

बाईंनी पाकिटावर वाचलं होतं की एका वेळी २ ग्रॅम. त्यांनी ते एक चमचा असं धरलं. बारीक चूर्णाचा सपाट चमचा साधारण २ ते अडीच ग्रॅमचा असतो, पण त्यांचा चमचा शिगोशीग होता, तो ४ ग्रॅमच्या घरात जातो. दोन वेळचे ८ ग्रॅम. ४ टक्क्यांनी नुसत्या चूर्णातून ३२० मिलिग्रॅम ग्लायसिऱ्हायझिन पोटात गेलं. मुळी हलकी असून २ टक्केच धरलं, तरी १६० मिलिग्रॅम. चहा आणि चघळायच्या गोळ्या यात धरलेल्या नाहीत. त्यांतलं प्रमाण वेष्टनावर बहुधा लिहिलेलं नसतं, त्यामुळे त्यांचा नेमका हिशेब लागत नाही.

युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये नियमित सेवनासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. ती निरोगी प्रौढांसाठी आहे. रक्तदाबाचे, हृदयाचे वा मूत्रपिंडाचे रुग्ण तिच्यात धरलेले नाहीत. स्वीडनमध्ये २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना रोज १०० मिलिग्रॅम दोन आठवडे दिल्यावरही वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ३ अंकांनी चढला. निरोगी माणसाला तीन अंक जाणवणारसुद्धा नाहीत. आधीच रक्तदाब असलेल्याचं गणित निराळं.

आयुर्वेदीय औषधकोशात यष्टीमधु (म्हणजेच ज्येष्ठमध) चूर्णाची मात्रा २ ते ४ ग्रॅम आहे. ४ टक्क्यांनी ती ८० ते १६० मिलिग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे युरोपीय मर्यादेच्या आसपास किंवा थोडी वर. यात विरोध दिसतो, पण तो मुदत विसरल्यामुळे दिसतो. औषधी मात्रा ठरावीक काळापुरती, माणूस पाहून द्यायची असते. रोजच्या सेवनाची मर्यादा वर्षानुवर्षांसाठी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वनौषधी-पुस्तिकेतही वैद्यकीय सल्ल्याशिवाय ज्येष्ठमध ४ ते ६ आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. बाईंचा ज्येष्ठमधाचा आठवा आठवडा चालू होता, तोही जादा मात्रेवर.

काढ्याबद्दल एक गैरसमज दिसतो की चूर्ण जड आणि काढा सौम्य. ग्लायसिऱ्हायझिन गरम पाण्यात चांगलं उतरतं. मुळी जितकी जास्त वेळ उकळाल आणि तोच चोथा जितक्यांदा वापराल, तितकं ते कपात येतं.

मूत्रपिंडात काय बिघडतं

शरीरात मीठ राखून ठेवायचा हुकूम अॅल्डोस्टेरोन हे संप्रेरक देतं. मूत्रपिंडातल्या विशिष्ट पेशींत त्याचा ग्राहक, म्हणजे ते जिथे चिकटून काम सुरू करतं ती जागा, असतो. तो कामाला लागला की सोडियम आणि पाणी आत ओढलं जातं, पोटॅशियम लघवीत सोडलं जातं. पण या ग्राहकाला कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरकही चिकटू शकतं, आणि रक्तात कॉर्टिसॉल अॅल्डोस्टेरोनच्या अनेक पट असतं. ते तिथे पोहोचू नये म्हणून त्या पेशींत एक विकर (एन्झाइम) राखणीला बसलेलं असतं: ११-बीटा-एचएसडी-२. ते कॉर्टिसॉलचं रूपांतर कॉर्टिसोनमध्ये करतं आणि कॉर्टिसोन ग्राहकाला चिकटत नाही.

ग्लायसिऱ्हायझिनपासून आतड्यातले जिवाणू ग्लायसिऱ्हेटिनिक आम्ल तयार करतात, आणि ते नेमकं या राखणदारालाच गप्प बसवतं. मग कॉर्टिसॉल आत शिरतं आणि अॅल्डोस्टेरोनचा हुकूम चालवतं. सोडियम साठतं, पाणी साठतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम वाहून जातं. अॅल्डोस्टेरोन मात्र रक्तात कमी झालेलं असतं, कारण मीठ-पाणी भरपूर झाल्यामुळे शरीराने ते बनवणं थांबवलेलं असतं.

रॅमिप्रिलने हे का अडवलं नाही, असा प्रश्न इथे पडायला हवा. रॅमिप्रिल अॅल्डोस्टेरोनकडे जाणारी वाट अडवतं. इथे काम कॉर्टिसॉल करत होतं, आणि ते त्या वाटेने आलेलंच नव्हतं. गोळी नेमाने घेऊनही ती निष्प्रभ ठरली, ती यामुळे.

हा धोका नवा नाही. १९४६ मध्ये रेव्हर्स या डच डॉक्टरने जठरव्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रणाला गुण आला, पण दर पाचांतल्या सुमारे एकाला सूज आणि डोकेदुखी असे त्रास झाले. औषधी गुण आणि दुष्परिणाम एकाच निरीक्षणात, एकाच वेळी नोंदले गेले. दोन्ही खरे आहेत.

बद्धकोष्ठाचं चक्र

या प्रकरणातला सगळ्यात निसटता दुवा आतड्याचा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

ग्लायसिऱ्हेटिनिक आम्ल यकृतातून पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात येतं आणि तिथून पुन्हा शोषलं जातं. आतडं जितकं संथ, तितका हा फेरा लांबतो आणि रक्तातलं प्रमाण चढतं राहतं. त्यामुळे एकाच मात्रेवर बद्धकोष्ठ असलेल्या माणसाला जास्त बाधतं. त्यात पोटॅशियम उतरलं की आतड्याचे स्नायू आणखी सुस्तावतात. बाईंना तेराव्या आठवड्यात झालेलं बद्धकोष्ठ बहुधा पोटॅशियम घसरू लागल्याचं पहिलं चिन्ह होतं. पण ते पोटाचं वेगळं दुखणं समजलं गेलं.

त्यावर आली सोनामुखी. तिच्यातली सेनोसाइड्स मोठ्या आतड्याला ढकलतात आणि पातळ शौचातून पाणी व पोटॅशियम आणखी जातं. तिचा परिणाम ६ ते १२ तासांत होतो, म्हणून ती रात्री घेतात. अधूनमधून घेतली तर ठीक, पण एका आठवड्याहून जास्त स्वतःच्या मनाने नको. बाई ती जवळजवळ पाच आठवडे घेत होत्या.

आता बेरीज करा. लघवीची गोळी पोटॅशियम काढते आहे, तीही दुप्पट झालेली. ज्येष्ठमध काढतो आहे. सोनामुखी काढते आहे. यांतलं कुठलंही एक एकटं असतं तर शरीराने कदाचित सांभाळून घेतलं असतं.

तपासणीत काय हुकलं

पंधराव्या आठवड्यात त्यांना विचारलं गेलं होतं, "आणखी काही औषधं चालू आहेत का?" त्या नाही म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत. प्रश्नच असा होता की त्याचं उत्तर नाही असंच येणार. चूर्ण, चहा, चघळायच्या गोळ्या यांना त्या औषध म्हणत नव्हत्या. हाच प्रश्न असा विचारला असता तर उत्तर आलं असतं: घशासाठी काय घेता? पोट साफ होण्यासाठी? झोपेसाठी? सांध्यांसाठी? दिवसभरात पाणी सोडून काय काय पिता? विचारणाऱ्याने असं विचारावं, आणि कुणी विचारलं नाही तरी रुग्णाने आपण होऊन सांगावं.

दुसरी चूक खोकल्याची. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या वर्गातल्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, घशात खाजल्यासारखा खोकला होतो. स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो. गोळी सुरू केल्यापासून तो काही तासांत येऊ शकतो, काही महिन्यांनीही. ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य साठून श्वासमार्ग चिडचिडा होतो. त्यावर कोणताही काढा, मध किंवा चूर्ण मुळावर घाव घालत नाही; गोळी बदलणं हाच उपाय. म्हणजे एका गोळीच्या दुष्परिणामावर ज्येष्ठमध, ज्येष्ठमधाच्या दुष्परिणामावर सोनामुखी, आणि दोहोंच्या परिणामावर लघवीची जादा गोळी, अशी ही साखळी जोडली गेली. नवं औषध सुरू झाल्यानंतर तीन-चार महिन्यांत जी कुरबुर उपटेल, तिचा संशय आधी त्या औषधावर घ्यावा. बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा, पण संशय घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

रुग्णालयात

पहिल्या काही मिनिटांत ईसीजी झाला. टी-लहर सपाट, तिच्यामागे एक जादा यू-लहर, मध्येच अवेळी ठोके. रक्ताचा अहवाल येईपर्यंत थांबावं लागलं नाही, कारण पोटॅशियम खाली गेल्याचा अंदाज याच रेघांवरून येतो. अहवालात पोटॅशियम २.६ (हवं ३.५ ते ५), मॅग्नेशियम १.५ (साधारण १.७ च्या वर हवं), बायकार्बोनेट ३३ म्हणजे रक्त अल्कधर्मी बाजूला झुकलेलं. स्नायूंची झीज दाखवणारं सीके जरासं वाढलेलं. मांड्यांतली अशक्तता वयामुळे नव्हती, पोटॅशियमअभावी स्नायू दुखावत होते.

पुढचा विचार लघवीच्या तपासणीवर झाला. रक्तात पोटॅशियम कमी असताना मूत्रपिंडाने ते धरून ठेवायला हवं. इथे ते लघवीतून भरपूर जात होतं. नंतर रेनिन (अॅल्डोस्टेरोन बनवायला चालना देणारं द्रव्य) आणि अॅल्डोस्टेरोन पाहिले, दोन्ही खाली. रॅमिप्रिल आणि लघवीची गोळी घेणाऱ्याचं रेनिन सहसा चढलेलं असतं. ते दबलेलं दिसलं की प्रश्न उरतो: अॅल्डोस्टेरोनशिवाय त्याचं काम कोण करतंय? अॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीत अॅल्डोस्टेरोन चढलेलं असतं, त्यामुळे ती शक्यता बाजूला पडली. मग नर्सने पिशवीतलं सगळं टेबलावर मांडायला सांगितलं, आणि चूर्णाची बरणी बाहेर आली.

ज्येष्ठमध, सोनामुखी आणि लघवीची गोळी त्याच दिवशी बंद. हृदयाच्या ठोक्यांवर सतत नजर ठेवून पोटॅशियम शिरेतून सावकाश आणि तोंडावाटे दिलं. सोबत मॅग्नेशियम, ते कमी असलं की दिलेलं पोटॅशियम मूत्रपिंडातून पुन्हा गळत राहतं आणि कितीही भरलं तरी आकडा वर येत नाही. रॅमिप्रिलच्या जागी टेल्मिसार्टन आलं, ज्याने असा खोकला क्वचितच होतो. काही रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोन द्यावं लागतं, कारण ते तो ग्राहकच अडवतं. इथे त्याची गरज पडली नाही. चौथ्या दिवशी पोटॅशियम ३.६ आणि त्या घरी गेल्या.

घरी गेल्यावरचा नाजूक काळ

ज्येष्ठमध थांबवला की सगळं दुसऱ्या दिवशी जागेवर येत नाही. त्या विकराला पूर्ववत व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि दबलेलं रेनिन-अॅल्डोस्टेरोन पूर्ण सावरायला काही महिनेही. या मधल्या काळात दोन्ही बाजूंनी घसरायला वाव असतो. सुरुवातीला पोटॅशियम अजून गळतं, म्हणून पूरक द्यावं लागतं. नंतर गळती थांबते, टेल्मिसार्टन पोटॅशियम राखून ठेवतं, आणि पूरक चालूच राहिलं तर पोटॅशियम उलट्या दिशेने धोक्याच्या पातळीवर जातं. म्हणून त्यांची रक्ततपासणी तिसऱ्या दिवशी, एका आठवड्याने, दोन आठवड्यांनी आणि महिन्याने ठरली, आणि दुसऱ्या आठवड्यात पूरक बंद झालं.

पोटॅशियम कमी आहे हे कळल्यावर हितचिंतकांकडून सल्ला येतो: कमी सोडियमचं मीठ वापरा. त्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने, तसंच मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने, ते विचारल्याशिवाय अजिबात वापरू नये.

रक्तदाब घरी मोजायचा होता, आणि त्यातही चुका होतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पाच मिनिटं गप्प बसावं. पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या पातळीत टेकलेला. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजावं, सकाळी आणि संध्याकाळी, सलग सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ती वाढलेली समजतात. जाड दंडाला लहान पट्टा गुंडाळला की आकडा खोटा चढतो, आणि तेवढ्यावरून गोळ्या वाढतात.

सूज पाहायची ती नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून. खळगा राहिला की पाणी साठलंय. वजन रोज सकाळी एकाच वेळी. बाईंचे वाढलेले तीन किलो पहिल्या दहा दिवसांतच उतरले. रक्तदाब मात्र पाच आठवड्यांनी १३४/८४ वर आला.

घशाला आणि पोटाला आता काय?

खोकला रॅमिप्रिल थांबवल्यावर तिसऱ्या आठवड्यात मिटला. सहसा एक ते चार आठवडे लागतात, काहींना तीन महिने. तोवर घशासाठी एवढंच: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, दिवसातून तीन-चार वेळा, पाणी थुंकून टाकायचं. झोपताना एक चमचा मध (एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीही नाही). उशाकडची बाजू उंच. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकून वाफ घ्यायचं त्यांना नको म्हटलं गेलं. भांडं कलंडून भाजल्याच्या घटना वारंवार घडतात आणि चिडचिड्या श्वासमार्गाला त्यातून विशेष काही मिळत नाही.

पोटासाठी सोनामुखीऐवजी इसबगोल. ते आतड्याला चाबूक मारत नाही, पाणी धरून मळ मऊ आणि भरीव करतं. सुरुवात ३ ते ४ ग्रॅमने, दिवसातून एकदा, आणि आठवडाभराने गरजेप्रमाणे दोनदा. २५० मिलिलिटर पाण्यात घालून ढवळायचं आणि लगेच प्यायचं. रेंगाळलात तर पेल्यातच लगदा होतो. त्यावर आणखी एक पेला पाणी. कमी पाण्यावर घेतलं तर उलट मळ घट्ट होतो आणि घशात वा अन्ननलिकेत अडकायचा धोकाही असतो, म्हणून गिळायला त्रास असणाऱ्यांनी ते घेऊ नये, आणि कुणीच ते झोपायच्या तोंडावर घेऊ नये. परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागतात. पहिल्याच दिवशी गुण आला नाही म्हणून मात्रा तिप्पट करणं ही सर्रास होणारी चूक आहे, तिने पोट फुगतं आणि माणूस कंटाळून सोडून देतो. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर गोळीचं शोषण कमी होऊ शकतं.

शौचाला बसायची वेळ जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी, तेव्हा मोठं आतडं आपसूक हलतं. खुर्चीसारखं बसायचं असेल तर पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचं पाट घेऊन गुडघे कंबरेच्या वर आणायचे आणि थोडं पुढे वाकायचं. जोर लावून कुंथायचं नाही. पोटॅशियम जागेवर आल्यानंतर बाईंचं पोट दोन आठवड्यांत जवळजवळ पूर्ववत झालं.

ज्येष्ठमध पुन्हा घेता येईल का?

त्यांच्यासाठी उत्तर नाही असं आहे: चूर्ण, काढा, अर्क, मिश्रण कशातूनही नाही. उच्च रक्तदाब, हृदय-मूत्रपिंड-यकृताचे आजार, गर्भारपण असलेले, तसंच लघवीची गोळी, स्टेरॉइड, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध किंवा हृदयाची लय बदलू शकणारी औषधं घेणारे, यांनाही हेच लागू. पोटॅशियम घसरलं की डिगॉक्सिनची नेहमीचीच मात्रा विषारी ठरू शकते, त्यामुळे ती जोडी सर्वांत वाईट.

डीजीएल नावाने मिळणाऱ्या गोळ्यांतून ग्लायसिऱ्हायझिन जवळपास काढून टाकलेलं असतं, आणि त्यांच्याबाबत हा धोका फारसा नाही. पण वेष्टनावर नुसतं ज्येष्ठमध लिहिलं असेल आणि ग्लायसिऱ्हायझिन काढल्याचा उल्लेख नसेल, तर ते आहे असंच धरून चालावं.

निरोगी प्रौढाने घशासाठी चार-सहा दिवस, वजन करून, दिवसाला २ ग्रॅमच्या आत ज्येष्ठमध घेतला तर घाबरण्यासारखं काही नाही. मात्र त्या दिवसांत खोकल्याचं सिरप, चघळायच्या गोळ्या, हर्बल चहा यांच्या घटकांत यष्टीमधु, मुलेठी, लिकोरिस किंवा ग्लायसिऱ्हायझा ग्लाब्रा लिहिलंय का ते पाहावं, कारण हिशेब सगळ्यांचा मिळून होतो. बिनसाखरेचा हर्बल चहा गोड लागला तर घटकांची यादी वाचावीच. ग्लायसिऱ्हायझिन साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड असल्यामुळे ते चवीसाठी घातलेलं असतं.

घेत असताना घोट्यांवर किंवा चेहऱ्यावर सूज, सतत डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे, आठवड्यात दोन किलोंची वजनवाढ यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी थांबवून सोडियम, पोटॅशियम आणि रक्तदाब तपासून घ्यावेत. धडधड, भोवळ, वाढत जाणारी अशक्तता, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर तपासणीची वेळ ठरवत बसू नये, थेट तातडीच्या विभागात जावं. जाताना घरात जे जे चालू आहे ते सगळं, बरण्या आणि पाकिटांसकट, पिशवीत घालून न्यावं.